अण्णांच्या वाचनालयाचा लॅपटॉप : वाय-फाय दुरुस्तीच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

यंदा पाऊस २५ मेलाच देवगडात उतरला. मे महिन्यात उरकायची सगळी कामं त्यामुळे पावसात आली, त्यातलंच हे एक. वाडीतल्या वाचनालयाची दाखल नोंदवही दर पावसाळ्यात ओल धरते, कसर लागते, आणि अण्णा दर गणपतीआधी ती खळ्यात वाळत घालतात. या वर्षी त्यांच्या मनाने घेतलं की वही कॉम्प्युटरवर चढवायची. पैसे अर्थातच नाहीत. मुंबईच्या एका चाकरमान्याने स्वतःचा जुना छोटा लॅपटॉप देणगी म्हणून एसटीच्या पार्सलने पाठवला, साडीच्या खोक्यात, भोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबून.

यंत्राची कुंडली: दहा इंची पडदा, १०२४ बाय ६००. इंटेल ॲटम एन२७०, १.६ गिगाहर्ट्झ. एक जीबी रॅम. हा प्रोसेसर २००८ सालचा आणि निव्वळ ३२ बिटचा, त्यामुळे आजच्या बऱ्याचशा लिनक्सांनी (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणाली) याला दारातूनच परत पाठवला. डेबियन १२ या लिनक्समध्ये अजून ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळतो, तोच पेन ड्राइव्हवर घेऊन बसवला, वर हलका एलएक्सक्यूटी डेस्कटॉप. सकाळी दहाला लावलेलं इन्स्टॉलेशन जेवणं आटोपली तरी चालूच होतं. मध्ये एकदा लाइट गेली. बॅटरी वीसेक मिनिटं तग धरते, तेवढ्यावर निभावलं.

पडदा, कीबोर्ड, आवाज, सगळं पहिल्या झटक्यात. वाय-फाय मात्र नाही. नेटवर्कच्या चिन्हाखाली वायरलेसचा उल्लेखसुद्धा नाही, जणू यंत्रात ते कार्डच नाही. लॅनची केबल लावावी म्हटलं तर पोर्टातल्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या. म्हणजे तो चाकरमानीही समुद्राजवळच राहत असणार.

अण्णा दोनदा डोकावून गेले. "मास्तर, ह्या चलतला मा?"

चलतला, म्हटलं.

१५ जून, रविवार

उद्यापासून शाळा सुरू, म्हणून आजच जमेल तेवढं खणून घेतलं.

‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा मारल्यावर कार्ड दिसलं: ब्रॉडकॉम बीसीएम४३१२, ओळखक्रमांक १४ई४:४३१५. कार्डाचं नाव सोडा, हा क्रमांक लिहून ठेवायचा. ४३१२ याच नावाखाली एकाहून अधिक जातीची कार्डं निघाली आणि त्यांना लागणारं सामान वेगळं आहे. आपलं कार्ड एलपी-फाय जातीचं, कमी वीज खाणारं.

मग ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलने (लिनक्सचा गाभा) काढलेल्या नोंदी. कर्नल बिचारा स्पष्ट सांगत होता: चिप सापडली, बी४३ ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) जोडला, पण ‘यूकोड१५’ नावाची फर्मवेअर फाइल मिळाली नाही. म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरला भरवायचा घास नाही. तो भरवल्याशिवाय कार्ड हूं की चूं करत नाही.

भाची शेजारी बसून बघत होती (बारावीला आहे, अभ्यास सोडून). तिने विचारलं, मामा, ती फाइल डेबियनवाल्यांनी आधीच का नाही टाकली? डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअरसुद्धा इन्स्टॉलरमध्ये येतं, तरी हे नाही. कारण ते वाटण्याची परवानगीच कोणाकडे नाही. या चिपचा ड्रायव्हर लोकांनी मुळात उलट्या बाजूने उलगडून लिहिला. एका गटाने कंपनीचा बंद (आतला कोड न दाखवणारा) ड्रायव्हर चिरून चिप कशी चालते त्याचं वर्णन लिहायचं, आणि ज्यांनी तो ड्रायव्हर कधी पाहिलेलाच नाही अशा दुसऱ्या गटाने निव्वळ वर्णनावरून नवा कोड लिहायचा, अशी सोवळ्याओवळ्याची पद्धत. पहिला ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला, बी४३ त्याच्यानंतर २००८ मध्ये, आणि आपल्या एलपी-फाय जातीचा नंबर २००९ च्या शेवटी, २.६.३२ मध्ये लागला. ड्रायव्हर असा मोकळा झाला, फर्मवेअर मात्र नाही. म्हणून ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाचं कातर आहे: कंपनीचा बंद ड्रायव्हर आपण स्वतः उतरवून घ्यायचा आणि हे कातर त्याच्या पोटातून फर्मवेअर कापून काढतं. फणस बाजारातून अख्खा आणावा लागतो, गरे घरी काढायचे.

तर गरे काढायला नेट हवं आणि नेट यायला गरे हवेत.

यावर मी तासभर फुकट घालवला. शाळेतल्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हने आणायचं, एकेक पॅकेज कशावर अवलंबून आहे त्याची यादी करायची वगैरे बेत आखत बसलो. शेवटी भाचीनेच आपला फोन यूएसबी केबलने जोडला आणि टेथरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं. लॅपटॉपने तो फोन एका सेकंदात नेटवर्क कार्ड म्हणून ओळखला. कुठलाही ड्रायव्हर न मागता. मी गप्प बसलो.

पण घरात फोनला जेमतेम एक काडी. सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागेल.

१८ जून, बुधवार

शाळा सुटल्यावर लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सड्यावर. पाऊस तासभर थांबला होता. आंब्याच्या बागेतल्या राखणीच्या खोपीत बसलो, फोनला तीन काड्या.

पॅकेज-यादी ताजी करायला घेतली तर नकार: रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही म्हणे. अजून म्हणजे? कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर यंत्र भलत्याच सालात जगत होतं. मदरबोर्डवरचा सेल मेलेला. तारीख हाताने घातली आणि गाडी पुढे सरकली. जुन्या यंत्रावर कुठलीही कूटलिपी-बिटलिपीची तक्रार आली की आधी घड्याळ बघायचं, हे मला माहीत असूनही दहा मिनिटं गेली.

सेल सीआर२०३२, तारेच्या शेपटीसह, सांध्यावर डकवलेला. असा इथे मिळणार नाही, मागवावा लागेल. यादीत टाकला.

डेबियनच्या ‘कॉन्ट्रिब’ विभागातून एलपी-फायसाठीचं फर्मवेअर इन्स्टॉलर घेतलं. त्याने बंद ड्रायव्हर उतरवला, कापला, फाइली जागेवर ठेवल्या. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलात बसणारा तुकडा) काढून परत घातलं. ‘डीमेसेज’मध्ये लाल अक्षरं नाहीत. वायरलेसचं चिन्ह आलं!

चिन्हावर लिहिलेलं: हार्डवेअर स्विचने बंद.

२१ जून, शनिवार

रेडिओ कोणी बंद केलाय ते सांगणारी आज्ञा ‘आरएफकिल लिस्ट’ काय म्हणते ते जसंच्या तसं: सॉफ्ट ब्लॉक, नाही. हार्ड ब्लॉक, होय. सॉफ्ट असता तर एका आज्ञेत उठला असता. हार्ड म्हणजे यंत्राच्या पुढच्या कडेला जी सरकती कळ आहे ती बंद आहे असं मदरबोर्डाला वाटतंय. कळ डावीकडे केली, उजवीकडे केली, दहा वेळा केली. आतला संपर्क गेलेला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिला, उपयोग शून्य. कळ नवी मिळणं अशक्य.

इथे ड्रायव्हरचा काही दोष नाही, हे मात्र लिहून ठेवतो, कारण काल रात्री मी ड्रायव्हरच्याच नावाने खडे फोडत होतो.

उपाय जुना आणि गावठी आहे. असल्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डात २० क्रमांकाची पिन कार्डाला ‘गप्प राहा’ म्हणून सांगण्यापुरती असते. मदरबोर्डाने ती खाली खेचली की रेडिओ बंद. त्या एका पिनेवर चिकटपट्टी लावून मदरबोर्डाचं बोलणंच कार्डापर्यंत पोचू द्यायचं नाही. मग कार्डाच्या लेखी कोणी गप्प बस म्हटलेलंच नसतं.

पिन शोधायची कशी: कार्डाच्या कडेला एक खाच असते. खाचेच्या एका बाजूला थोड्या पिना, दुसऱ्या बाजूला जास्त. सम आकडे एका पृष्ठावर, विषम दुसऱ्या. सम पृष्ठावर खाच ओलांडली की मोठ्या गटातली पहिली १८, दुसरी २०. दोन पिनांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. म्हणजे पट्टी त्याहून अरुंद हवी आणि शेजारणीला शिवता कामा नये.

पहिला प्रयोग साध्या सेलोटेपचा. सरकवताना ती गोळा झाली. तशीही या दमट हवेत सेलोटेपचा डिंक आठ दिवसांत सुटतो, आपल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर रोज बघतो. जामसंड्याला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पिवळी, उष्णता सोसणारी टेप आणली, बोटभर. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त कशाला हवी ते विचारलं आणि मान हलवली.

कापायचं काम भाचीकडे दिलं. माझा हात आता थरथरतो, तिचा रांगोळीवर बसलेला. तिने टेप काचेवर चिकटवली, नव्या ब्लेडने पट्टी काढली, केसाहून थोडी जाड, आईच्या भुवया कोरायच्या चिमट्याने उचलली आणि बॅटरीच्या उजेडात पिनेवर ठेवली. "मामा, जरा तिरकी झालीय." उचलून परत ठेवली. टोक कार्डाच्या वरच्या बाजूला दुमडलं, म्हणजे सॉकेटमध्ये सरकताना मागे लोटली जाणार नाही. मी श्वास रोखून उभा, स्वयंपाकघरातून कुळथाच्या पिठीची फोडणी.

चालू केलं. हार्ड ब्लॉक, नाही. यादीत आमच्या घरचं नेटवर्क.

२२ जून, रविवार

घरी दिवसभर चाललं. दोन गोष्टी टिपून ठेवतो.

एक, ‘डीमेसेज’मध्ये डीएमएची घातक चूक म्हणून एक ओळ आली आणि ड्रायव्हरने आपणहून पीआयओ पद्धत धरली. म्हणजे कार्ड आता माहिती परस्पर मेमरीत ठेवत नाही. प्रोसेसर प्रत्येक मूठ स्वतः उचलून नेतो. ॲटमला हे जड जातं, वेग मार खातो. या चिपच्या छोट्या लॅपटॉपांवर हे दुखणं ठाऊक असलेलं आहे. पुस्तकांच्या नोंदींना एवढा वेग पुष्कळ, पण मनाला लागलं.

दोन, सिग्नल वाढावा म्हणून माझ्या जुन्या वहीतल्या तीन-चार ओळी मॉडप्रोबच्या फोल्डरात (ड्रायव्हरांना द्यायच्या सूचना तिथे असतात) टाकल्या. मागे एका यंत्राला मानवल्या होत्या.

२८ जून, शनिवार

लॅपटॉप वाचनालयात नेला. राउटर अण्णांच्या माजघरात, वाचनालय अंगणापलीकडे, मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती. सकाळी लागला, सिग्नल उणे ७८ (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). कमी आहे, पण चालतो. अण्णांनी स्वतः पहिलं पुस्तक नोंदवलं, एका बोटाने, ‘ळ’ शोधायला मी मदत केली.

दुपारी तीननंतर नेटवर्क गायब. सिग्नल कमी वगैरे नाही. यादीतून नावच गेलं. अण्णांनी खिशातून फोन काढून दाखवला, तीन काड्या. "माझ्या मोबाइलाक येता, मगे तुमच्या ह्येका काय झाला?"

घरी आणला, लगेच जोडला गेला.

निष्कर्ष (कच्चा): चिरा. पावसात चिरा पाणी पितो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी गिळतं. फोनची ॲंटेना चांगली असेल, याची वाईट असेल.

२९ जून, रविवार

परत खोललं. ॲंटेनाच्या दोन तारा कार्डावर टिचभर पितळी टोप्यांनी बसतात. मुख्य तारेची टोपी हिरवीगार. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस गुंडाळलेली काडी, मग दातांचा ब्रश. पुन्हा दाबून बसवली, टक आवाज आला. वाचनालयात सिग्नल उणे ७८ वरून उणे ६६. फरक खरा आहे, मोजलेला आहे.

अण्णांना सांगितलं, झालं काम. चहा झाला.

२ जुलै, बुधवार

अण्णांचा फोन. नेटवर्क गायब.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास, साबुदाणा, आणि डोक्यात राख. शाळेच्या दिंडीतून मोकळा झालो तो थेट वाचनालयात. ठरवून टाकलं की बी४३ नको. एक तर पीआयओचं लचांड, वर ही लपाछपी. कंपनीचा बंद ड्रायव्हर ‘डब्ल्यूएल’ टाकून बघायचा.

तो डेबियनमध्ये डीकेएमएसच्या रूपात येतो: कर्नलची हेडरं घ्यायची आणि मॉड्यूल यंत्रावरच बांधायचं. ॲटमवर हे म्हणजे पाट्यावर वाटण. दोन भाकऱ्या... उपास असल्याने दोन केळी खाऊन झाली तरी पंखा घोंघावतोय. ८० टक्क्यांवर असावं, तेवढ्यात लाइट गेली, बॅटरीनेही मान टाकली. लाइट आल्यावर अर्धवट पॅकेजं निस्तरून पहिल्यापासून.

संध्याकाळी डब्ल्यूएल चढला. वेग चांगला, मान्य करायला हवं. झाकण मिटून उघडलं की यंत्र गोठतं, हेही तितकंच खरं. आणि नेटवर्क? यादीत नाही. अण्णांचं तर नाहीच.

मी वैतागून घरी आलो. आता लिहिताना मात्र दिसतंय की आज मला सगळ्यात मोलाची माहिती मिळाली आणि मी ती ओलांडून आलो. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले दोन ड्रायव्हर, आणि दोघांना एकच नेटवर्क एकाच वेळी दिसत नाही. मग दुखणं ड्रायव्हरात कसं असेल?

१२ जुलै, शनिवार

डब्ल्यूएल काढला. बी४३ काही परत येईना. चिन्ह गेलं, सगळं १४ जूनला होतं तसं. तासभर शोधलं. डब्ल्यूएल बसताना बी४३ आणि त्याच्या सोबत्यांना काळ्या यादीत टाकतो, नाहीतर दोघे एकाच कार्डावर हक्क सांगतील. पॅकेज नुसतं ‘रिमूव्ह’ केलं की डेबियन ‘ईटीसी’ फोल्डरातल्या त्याच्या मांडणीच्या (सेटिंगच्या) फाइली ठेवून देतं. भाडेकरू गेला, पण दाराचं कुलूप त्याचंच. ‘पर्ज’ केल्यावर यादी गेली, बी४३ हजर.

नेटवर्क आज दिसतंय. मी काहीही केलेलं नसताना. याचाच जास्त राग आला.

१९ जुलै, शनिवार

आज मुद्दाम काही न करता दिवसभर वाचनालयात बसायचं ठरवलं. धो धो पाऊस, वाचक दोन. मासेमारी बंदीचे दिवस असल्याने एरवी खाडीवर असणारी पोरं पेपर वाचायला येतात, आज तीही नाहीत.

यंत्राच्या स्वतःच्या नोंदी, ‘जर्नलसीटीएल’, काढून बसलो की नेटवर्क नेमकं कधी कधी गेलं. काही अर्थ लागेना. सेल मेलेला असल्यामुळे यंत्र बंद पडलं की घड्याळ जिथे थांबलं तिथून पुढे मोजतं आणि नेट मिळाल्यावर एकदम उडी मारून बरोबर होतं. ज्या वेळी नेट नाही नेमक्या त्याच वेळेच्या नोंदींवर भलत्या वेळा. चोरी झाली त्या रात्रीचीच डायरी खोटी.

अण्णा समोर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होते. म्हणाले, "तेच्यात काय बघतास? मिया सगळा लिवन ठेवलंय."

आणि त्यांनी देवघेव रजिस्टर पुढे सरकवलं. शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, शाईच्या पेनाने. गेली कित्येक वर्षं ते त्यात लाइट जाण्या-येण्याच्या वेळा लिहितात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. जूनअखेरपासून त्यात भर: ‘नेट आहे’, ‘नेट नाही’.

२८ जून: लाइट गेली २.५०, आली ३.०५. नेट नाही. २ जुलै: लाइट गेली ११.२०, आली १२. नेट नाही. ६ जुलै: दोनदा गेली. नेट नाही. ९ जुलै: गेली, आली. नेट आहे. ११ ला रात्री गेली, १२ ला सकाळी नेट आहे.

मी बोट ठेवून खाली खाली वाचत गेलो. ‘आहे’चं ‘नाही’ किंवा ‘नाही’चं ‘आहे’ झालेलं आहे ते दर वेळी लाइट जाऊन आल्यावर. मधल्या काळात एकदाही नाही. पाऊस जोराचा असो की उघाडी असो. चिऱ्याला मी उगाच दोष दिला.

अण्णांनी ते आपल्या भाषेत एका वाक्यात सांगितलं: "लाइट गेली काय नेट जाता, आणि लाइट इली काय कधी येता, कधी नाय."

लाइट गेली की राउटर नव्याने सुरू होतो. सुरू होताना तो स्वतः चॅनल, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्यातला एक तुकडा, निवडतो. माझ्या घरचा राउटर मी कधीचा सहाव्या चॅनलवर खिळवलेला आहे, म्हणून घरी कधीच अडलं नाही.

माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये बघितलं, अण्णांचा राउटर आत्ता १३ वर. लॅपटॉपला दिसत नाही. माजघरात जाऊन प्लग काढला, घातला: चॅनल ६. दिसलं! असं पाच वेळा केलं. सहा, एक, तेरा, सहा, तेरा. एकवर आणि सहावर दिसलं, तेरावर दोन्ही वेळा नाही. काकू दर खेपेला स्वयंपाकघरातून बघत होत्या, बोलल्या काही नाहीत.

२० जुलै, रविवार

‘आयडब्ल्यू लिस्ट’ मध्ये कार्डाचे सगळे चॅनल एकाखाली एक येतात. अकराव्यापर्यंत ठीक. त्याखाली: २४६७ मेगाहर्ट्झ, [१२], डिसेबल्ड. २४७२ मेगाहर्ट्झ, [१३], डिसेबल्ड.

‘आयडब्ल्यू रेग गेट’: कंट्री यूएस.

यंत्र देवगडात बसून अमेरिकेचा कायदा पाळत होतं. तिथे वाय-फाय सहसा अकराव्या चॅनलपर्यंतच, म्हणून कर्नलने बारा-तेरा बंद ठेवले आणि त्यावर कान देणंही सोडलं. आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना मोकळा आहे, तेरावा त्यात बसतो. राउटर आपल्या देशाप्रमाणे वागत होता, अण्णांचा फोनसुद्धा.

हे यूएस आलं कुठून? बंद ड्रायव्हरातून? कार्डातून? दोन तास या दिशेने गेले. मग मॉडप्रोबच्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली एकेक उघडल्या आणि २२ जूनची माझीच फाइल निघाली. जुन्या वहीतली तिसरी ओळ: सीएफजी८०२११ ला (कर्नलातला वाय-फायचे नियम सांभाळणारा भाग) देश म्हणून यूएस सांगा, ‘सिग्नल वाढतो’. खाली माझीच सही असल्यासारखं माझंच हस्ताक्षर वहीत. सीएफजी८०२११ दोन्ही ड्रायव्हरांच्या डोक्यावर बसतं, म्हणून ड्रायव्हर बदलून काही होणार नव्हतं.

त्या ओळीने सिग्नल तर वाढला नव्हताच. वाढला तो ब्रशाने.

ओळीत यूएसच्या जागी आयएन, म्हणजे भारत. बाकीच्या ओळी कशाला आहेत ते आठवेना, म्हणून पुसल्या. यंत्र बंद-चालू. १३ वा चॅनल उघडा. राउटर प्लग काढून घालत राहिलो, चौथ्या खेपेला तेरावर आला. लॅपटॉपने पकडला.

राउटरही सहावर खिळवता आला असता. त्याचा पासवर्ड नेट जोडून देणाऱ्याकडे आहे आणि तो चतुर्थीपर्यंत येणार नाही म्हणतो. आता अडत नाही.

२६ जुलै, शनिवार

आठवड्यात लाइट सात वेळा गेली (रजिस्टरप्रमाणे). नेट प्रत्येक वेळी परत. पीआयओ तसंच आहे, वेग तसाच आहे. डब्ल्यूएल परत घालावा का यावर विचार केला: दर कर्नल अपडेटला पाट्यावर वाटण आणि झाकण मिटलं की गोठणं. नको. अण्णा एका बोटाने टाइप करतात, त्यांच्यापेक्षा बी४३ नक्कीच वेगात आहे.

सेल आला. तारेची शेपटी बरोबर निघाली. बसवला.

१० ऑगस्ट, रविवार

काल डेबियन १३ आलं. ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल त्यात नाहीत. म्हणजे हे यंत्र १२ वरच राहणार. त्याला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२६ पर्यंत आहेत. त्यानंतर एकतर नेटपासून तोडून नुसती वही म्हणून वापरायचं किंवा दुसरा चाकरमानी शोधायचा. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मगे तोपर्यंत लिवन काढूया."

कपाट क्रमांक तीनपर्यंत आले आहेत. होड्या पाण्यात गेल्यात, पोरं वाचनालयात यायची थांबली, आता भाची दुपारी एक तास बसून चार बोटांनी भराभर टाइप करते आणि अण्णा पुस्तकं वाचून दाखवतात. पिन २० वरची टेप मी उघडून बघितलेली नाही आणि बघणारही नाही.

देवघेव रजिस्टर मात्र कॉम्प्युटरवर घ्यायला अण्णा तयार नाहीत. आजचा शेरा: लाइट गेली ४.१०. आली ४.५५. नेट इला.